तलावाच्या पाळीवरून आलेला ताप

दवाखान्यातून घरी आल्यावर भेटायला आलेल्या जवळजवळ प्रत्येकाने मला तेच म्हटलं, "चांगलं करायला गेल्या बाई, अन् काय होऊन बसलं!" चहा सगळ्यांना मिळाला, उत्तर मी कुणालाच दिलं नाही. उत्तर द्यायचं तर सगळंच सांगावं लागलं असतं, आणि सगळं सांगितलं की आमच्या घरातलं एक माणूस त्यात उघडं पडतं. ते माणूस म्हणजे माझे यजमान. आता तेच म्हणाले, "लिही. माझंही लिही." म्हणून लिहायला बसले आहे.

मी डॉक्टर नाही. जे अंगावरून गेलं तेवढंच मला माहीत आहे.

फिरणं आणि वेचणं

आमचं गाव भंडारा जिल्ह्यात, अड्याळपासून थोडं आत. धानाची शेती, गावाच्या कडेला मोठा तलाव, आणि तलावाची लांबलचक पाळ. मला शुगर निघाली तेव्हा डॉक्टरांनी रोज फिरायला सांगितलं. खेड्यात बाईने नुसतं फिरणं सोपं नसतं. डोक्यावर घमेलं असलं, हातात विळा असला तर कुणी काही विचारत नाही. मोकळ्या हाताने चाललं की जो तो थांबवतो, "कुठी चालल्या बाई?" म्हणून मी पाळ धरली. सकाळी तिकडे फारसं कुणी नसतं.

माणसं नसत, पण माणसांनी टाकलेलं सगळं असे. सुपारी-तंबाखूच्या खर्र्याच्या प्लास्टिकच्या पन्न्या, दारूचे रिकामे पव्वे, पाण्याचे पाऊच, कुणाच्या वाढदिवसाच्या थर्माकोलच्या ताटल्या. एका सकाळी एक गाय पन्नी चावत उभी दिसली. मी ती तिच्या तोंडातून ओढून काढली आणि तशीच हातात धरून उभी राहिले. टाकायला जागाच नव्हती. शेवटी घरी घेऊन आले. दुसऱ्या दिवशी निघताना युरियाचं रिकामं पोतं, आमच्याकडची चुंगडी, सोबत घेतली.

माझी धाकटी जाऊ सविता शेजारीच राहते. तिने मला चुंगडी घेऊन जाताना पाहिलं आणि काही न विचारता चप्पल घातली. मग आम्ही दोघी रोज जाऊ लागलो. भरभर चालायचं, काही दिसलं की वाकायचं, उचलायचं, पुन्हा चालायचं. बाटल्या कबाडीवाला न्यायचा, बाकीचं ग्रामपंचायतीच्या ट्रॅक्टरमध्ये जायचं. माझी मुलगी पल्लवी पुण्याला नोकरी करते. तिला फोनवर सांगितलं तर ती हसली. "आई, याला इकडे प्लॉगिंग म्हणतात. लोक टीशर्ट घालून करतात."

"इकडे याले येडेपणा म्हणते," मी म्हटलं.

पण माझे गुडघे मोकळे झाले होते. शुगर उतरली होती. आणि खरं सांगायचं तर पाळीचा साफ झालेला तुकडा मागे वळून पाहिला की मला जे वाटायचं, ते घरातल्या कुठल्याच कामाने कधी वाटलं नव्हतं. घरातलं काम संपत नाही आणि दिसतही नाही. हे दिसत होतं.

यजमानांना मात्र ते वेगळंच दिसत होतं. ते हायस्कुलात शिक्षक होते, नुकतेच निवृत्त झालेले. अड्याळच्या बाजारात अर्धी माणसं त्यांना "सर" म्हणून नमस्कार करतात. अशाच एका बाजाराच्या दिवशी कुणीतरी त्यांना हसत विचारलं, "सर, बाईले काही कमी पडून राहिलं का? चुंगडी घेऊन फिरते म्हणते."

घरी येऊन त्यांनी पिशवी ओट्यावर ठेवली. "तू फिर ना. फिरायले मी नाही म्हटलं का कधी? पण हे वेचणं बंद कर."

"काहून?"

"लोक हसून राहिले."

"हसू द्या."

"हे आपलं काम आहे का?"

मी पिशवीतली भाजी काढायला लागले. आपलं नाही, तर मग कुणाचं, हे गावात कुणी उघड बोलत नाही. पण कुणाचं ते सगळ्यांनी पिढ्यान् पिढ्या ठरवून ठेवलेलं आहे. सरांनाही ते माहीत होतं. वर्गात मुलांना याच्या बरोबर उलटं शिकवण्यात त्यांची सगळी नोकरी गेली होती. मी त्यांना तसं बोलून दाखवलं असतं तर ते दुखावले असते. मी बोलले नाही आणि जाणंही सोडलं नाही. आमच्यात त्या विषयावर बोलणंच बंद झालं.

ताप

गणपती उठले त्यानंतरच्या दिवसांतली गोष्ट. विसर्जनानंतर तलावाच्या कडेला हारांचा, थर्माकोलच्या मखरांचा, प्लास्टिकच्या फुलांचा ढीग लागला होता. पावसाळ्यामुळे पाळीवर कमरेएवढं गवत, काठाला बेशरमाची झुडपं. आम्ही दोघी त्यात शिरून सगळं ओढून काढत होतो. दमलो की तिथेच गवतात बसायचं, पाणी प्यायचं. माझ्या मनात भीती होती ती फक्त सापाची. काठी आपटत आत जायचे. डोळ्यांना दिसतच नाही अशा किड्याची भीती कोण बाळगणार?

त्यानंतर काही दिवसांनी डोकं दुखायला लागलं. असं डोकं माझं आयुष्यात दुखलं नव्हतं. डोळ्यांच्या मागून कुणीतरी आत दाबतंय असं वाटे. मग थंडी वाजून ताप. गावातल्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. ताप उतरायचा, घाम सुटायचा, पुन्हा चढायचा. मलेरिया नाही, डेंगू नाही असं निघालं. टायफॉइड असेल म्हणून सलाईन लागलं. मी उठून स्वयंपाक करायला जायची आणि ओट्याला धरून तिथेच बसायची. सविता येऊन मला खाटेवर नेऊन टाकायची आणि आमचा स्वयंपाक तिच्या चुलीवर करायची.

"ताई, तुमचे डोळे लाल होऊन राहिले," ती रोज म्हणायची. मी म्हणायची, "झोप नाही म्हणून."

मग एका दुपारी मला श्वास पुरेना. पडलं की गुदमरल्यासारखं व्हायचं, बसलं की थोडं बरं. यजमानांनी पुतण्याला हाक मारून गाडी काढायला लावली आणि आम्ही भंडाऱ्याला निघालो. रस्त्यात त्यांनी माझा हात धरला होता. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण दुसऱ्यांच्या देखत त्यांनी कधी माझा हात धरला नव्हता. तेव्हाच मला कळलं की माझी अवस्था बरी नाही.

"घरीच असते"

भंडाऱ्याच्या दवाखान्यात मला तोंडाला ऑक्सिजन लावला. डॉक्टर तरुण होते, घाईत होते, पण नीट विचारत होते. ताप कधीपासून, लघवी होते का, घरात आणखी कुणाला ताप आहे का. मग त्यांनी विचारलं, "शेतात जातात का या? गवतात, जंगलात?"

यजमान म्हणाले, "नाही. घरीच असते."

डॉक्टरांनी पुन्हा विचारलं, "बाहेरचं काही काम? गुरंढोरं, गवत कापणं?"

"नाही जी. घरीच."

मी ऐकत होते. मास्कच्या आत तोंड उघडायचा प्रयत्न केला, पण श्वास घेऊ की बोलू असं झालं होतं. मी हात हलवला. यजमानांना वाटलं मला पाणी हवं आहे. सिस्टर म्हणाल्या, "पाणी नका देऊ आता." आणि डॉक्टर पुढच्या खाटेकडे गेले.

त्या क्षणी मला राग आला नाही. त्या प्रश्नाचं महत्त्व मलाही ठाऊक नव्हतं. मला फक्त वाईट वाटलं. आपला माणूस आपल्याबद्दल बोलताना आपल्यातला एक भाग दाराआड लपवतो, असं काहीतरी. आणि तोच भाग मला सगळ्यात जास्त आवडायचा.

रक्तातल्या पेशी कमी होत गेल्या. किडनीवर परिणाम दिसतोय म्हणाले. अंगावर सूज चढली. त्यांनी बरीच औषधं दिली, पण ताप हटेना. मग एका सकाळी डॉक्टर यजमानांना बाजूला घेऊन बोलले आणि मला अँब्युलन्समध्ये घालून नागपूरला हलवलं. मागे काचेतून मला लाखनीकडे जाणारे ट्रक उलट्या दिशेने जाताना दिसत होते. पल्लवीचं लग्न व्हायचंय, धान निसवायचंय, लोंब्या यायच्यात, सविता एकटीच पाळीवर जात असेल का, असले तुटक विचार डोक्यात येत होते. मरणाचा विचार मोठा आणि गंभीर असेल असं मला वाटायचं. तो तसा नव्हता. गॅसवर काही ठेवलेलं विसरून आलो की जसं चुटपुटतं, तसा तो होता.

काळा डाग

नागपूरच्या आयसीयूत दिवस आणि रात्र एकच असतात. दिवे विझत नाहीत. कुठलं ना कुठलं मशीन वाजत असतं. माझ्या नाकातोंडावर घट्ट मास्क बांधला होता आणि त्यातून जोराचा वारा छातीत शिरायचा. तो काढायचा मी प्रयत्न करू नये म्हणून हात बांधले होते. पल्लवी पुण्याहून आली होती, तिला भेटायच्या वेळेत आत सोडत. ती माझ्या बांधलेल्या हातांची बोटं चोळत बसायची आणि तोंड दुसरीकडे करायची.

तिथे एक मॅडम डॉक्टर राउंडला येत. मध्यमवयाच्या, कमी बोलणाऱ्या. आल्या त्या दिवशी त्यांनी आधी फाईल पाहिलीच नाही, मला पाहिलं. पडदा ओढून घेतला आणि सिस्टरच्या मदतीने माझं अंग तपासायला लागल्या. काखेत, छातीखाली, मांड्यांत, केसांत. मला लाज वाटत होती आणि लाज वाटण्याइतकी ताकद नव्हती. त्यांनी परकराच्या नाडीची जागा पाहिली आणि थांबल्या. कमरेवर, नाडीचा वळ पडतो तिथेच, एक काळी खपली होती. विडीचा चटका बसल्यासारखी. दुखत नव्हती, खाजत नव्हती. मला तिचा पत्ताच नव्हता.

त्यांनी यजमानांना आत बोलावलं.

"सर, ह्या कुठे गवतात, झुडपात गेल्या होत्या का? मागच्या दोन-तीन आठवड्यांत?"

यजमान खाटेची कड धरून उभे राहिले.

"इथे लिहिलंय, घरीच असतात. पण हा डाग घरात बसून होत नाही. मला नक्की कळायला हवं."

मी त्यांच्याकडे पाहत होते. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, मग जमिनीकडे.

"जाते," ते म्हणाले. "रोज जाते. तलावाच्या पाळीवर. कचरा वेचते ती."

"कचरा म्हणजे?"

"लोकांनी टाकलेला. चुंगडी घेऊन जाते. फिरते अन् वेचते. गणपतीच्या नंतर तर गवतात बसून…" त्यांनी कमरेशी हात नेऊन गवत केवढं ते दाखवलं.

मॅडमनी मान हलवली. त्यांना त्यात लाजण्यासारखं किंवा कौतुक करण्यासारखं काहीच वाटलं नव्हतं, फक्त उपयोगाची माहिती मिळाली होती. "बरं झालं सांगितलंत," एवढंच म्हणाल्या आणि सिस्टरकडे वळून औषधाचं नाव सांगितलं. आजाराचं नाव स्क्रब टायफस. गवतातला बारीक किडा चावतो आणि त्यातून होतो. रक्ताची तपासणी पाठवली, पण तिचा रिपोर्ट येईपर्यंत त्या थांबल्या नाहीत. औषध त्याच दिवशी सुरू झालं.

तिसऱ्या दिवशी सकाळी सिस्टरने माझ्या कपाळावर हात ठेवला आणि दुसऱ्या सिस्टरला हाक मारली, "इकडे ये गं, हात लावून बघ." माझं कपाळ थंड होतं.

बाजूची खाट

ताप गेला म्हणजे आजार गेला असं नाही. फुफ्फुसांना वेळ लागला. किडनीला वेळ लागला. मास्क निघाला तेव्हा नाकावर जखम झालेली होती. सिस्टर सकाळी अंग पुसून द्यायच्या, त्यातल्या एकीने माझे गुंतलेले केस मोकळे करून वेणी घातली. त्या वेणीने मला जितकं बरं वाटलं तितकं कुठल्या औषधाने वाटलं नसेल. सविता एकदा गावाहून डब्यात तांदळाची पेज घेऊन आली. मला ती द्यायची परवानगी नव्हती. तरी तिने झाकण उघडून माझ्या नाकाजवळ धरलं. "वास तं घ्या," म्हणाली. आम्ही दोघी रडलो.

माझ्या बाजूच्या खाटेवर गोंदियाकडची एक बाई होती. वयाने माझ्याहून लहान. तिलाही हाच आजार. ती रोज गुरांसाठी गवत कापायची. तिला आणायलाच उशीर झाला होता. तिचा नवरा दारातून आत पाहायचा आणि हात जोडायचा, कुणाला ते कळायचं नाही. एका दुपारी तिच्या खाटेभोवती पडदा ओढला गेला, बरीच माणसं आत गेली, आणि मग हळूहळू बाहेर आली. नंतर सिस्टरने तिच्या कानातल्या बाळ्या कापसात गुंडाळून तिच्या नवऱ्याच्या हातात दिल्या. तो त्या बराच वेळ पाहत राहिला.

तिच्याबद्दल कुणीही म्हणालं नाही की गवत कापायला कशाला गेली होती. गवत कापणं हे काम आहे. माझ्याबद्दल मात्र सगळे म्हणत होते, कचरा वेचायला कशाला गेली. किडा दोघींना एकच चावला होता.

घरातलं

भंडाऱ्यात डॉक्टरांनी दोनदा विचारलं होतं, ही गोष्ट मीच पल्लवीला सांगून बसले. वॉर्डात हलवल्यावर एकदा बोलता बोलता तोंडून निघून गेली. ती उठून बाहेर गेली. दाराबाहेरचा तिचा आवाज मला ऐकू आला.

"बाबा, दोनदा विचारलं त्यांनी. दोनदा! तुम्ही शिक्षक आहात ना?"

त्यांचं उत्तर ऐकू आलं नाही. त्यानंतर ती त्यांच्याशी कामापुरतं बोलायची. "औषध आणा." "डबा आला का बघा." यजमान ते सगळं करायचे आणि व्हरांड्यातल्या खुर्चीवर जाऊन बसायचे. मला दोघांचीही काळजी वाटायची आणि दोघांचाही कंटाळा यायचा. आजारी माणसाला बरं व्हायचं काम असतं, तेवढंच पुरेसं असतं. वरून घरातलं भांडण सांभाळायला लागलं की दम लागतो.

घरी आले तेव्हा मला नीट उभंही राहता येत नव्हतं. केस मूठमूठ गळत होते. उजव्या कानाने कमी ऐकू येत होतं आणि आत सतत रातकिड्यांसारखा आवाज. डॉक्टर म्हणाले होते की तो जाईल. थोडा गेला, सगळा गेला नाही. यजमान पाणी उकळून द्यायचे, गोळ्या काढून ठेवायचे, भाजी चिरायचे. भाजी फार मोठी चिरायचे, शिजायची नाही. पल्लवी पुण्याला परत गेली तेव्हा त्यांच्या पाया पडली, पण काही बोलली नाही.

मी खरं सांगते, मला त्यांचा राग आला होता, आणि ते जितकी सेवा करत तितका तो वाढत होता. सेवा केली की विषय मिटला असं त्यांना वाटत असेल, अशी मला भीती होती. शेवटी एका संध्याकाळी ओसरीत बसलो असताना मी विचारलं.

"तुम्ही 'घरीच असते' असं काहून सांगितलं?"

त्यांना वाटलं असणार की हा प्रश्न आता येणार नाही.

"तेथी तो पोरगा उभा होता," ते म्हणाले. "औषधं आणून देणारा. माझ्या शाळेतला. त्यानं मले ओळखलं होतं, 'सर' म्हणून पायाले हात लावला होता. त्याच्या देखत मले 'कचरा वेचते' म्हणता नाही आलं." मग म्हणाले, "अन् मले वाटलं, विचारायचं म्हणून विचारून राहिले. शेतात तं तू जातच नव्हती."

"मी मेली असती जी."

"माहीत आहे."

त्यांनी माफी मागितली नाही. मागितली असती तर मी काय केलं असतं, मला माहीत नाही. ते उठून आत गेले आणि देवघरापाशी दिवा न लावताच बसून राहिले. त्या दिवशी माझा राग गेला नाही. पण त्याचा आकार कळला. तो एका माणसाएवढाच होता. तोवर मला तो सगळ्या जगाएवढा वाटत होता.

काय सांभाळायचं

इथे थोडं थांबून सांगते, कारण ह्यासाठीच मी लिहायला घेतलं. पावसाळ्यात आणि त्यानंतर गवतात गेलात, कशासाठीही गेलात, आणि मग ताप आला, डोकं फार दुखलं, तर डॉक्टरांना आपण होऊन सांगा की गवतात गेलो होतो. घरच्यांच्या भरवशावर राहू नका. अंगावर काळी खपली आहे का ते आपली आपण पाहा, आणि जिथे आपण बायका कुणाला दाखवत नाही, तिथे आधी पाहा. खपली नसली तरी सांगा. ती प्रत्येकाला दिसतेच असं नाही. गवतात बसू नका, कपडे गवतावर वाळत टाकू नका. बूट, मोजे, पूर्ण बाह्या. घरी आलं की साबणाने आंघोळ आणि ते कपडे गरम पाण्यात. ह्यात कठीण काही नाही. मला कुणी आधी सांगितलं असतं तर मी केलं असतं.

आणि भीतीबद्दल. ती डागासारखी नसते, दिसत नाही. मी बरी झाल्यावरही अंगणातल्या दूर्वांवर पाय ठेवत नव्हते. रोज आंघोळीला गेले की आरशात पाठ पाहायची. सविताने मला कधी चल म्हटलं नाही. तिच्या नवऱ्याने तिला बंदी केली होती आणि तिचीही हिंमत गेली होती. दिवाळी झाली, गावची मंडई, म्हणजे आमच्याकडची दिवाळीनंतरची जत्रा, झाली, रात्रीचं नाटक झालं. दुसऱ्या दिवशी मी गच्चीवर कपडे वाळत घालायला गेले तर लांबून तलावाची पाळ पांढरी दिसत होती. द्रोण आणि ताटल्या. मी कपडे वाळत घातले आणि खाली आले.

सुखदेव

धान कापणीच्या दिवसांत आमच्या बांधाला लागून ज्याचं शेत आहे, त्या सुखदेवला ताप आला. दोन दिवस त्याने अंगावर काढला. त्याची बायको आमच्याकडे थर्मामीटर मागायला आली. यजमान तेव्हा पेपर वाचत होते. त्यांनी पेपर खाली ठेवला.

"डोकं दुखून राहिलं का त्याचं?"

"हो जी, सर. फुटून राहिलं म्हणते."

ते उठले, पायात चप्पल घातली आणि तिच्यासोबत गेले. नंतर सविताकडून कळलं की सुखदेवला खाटेवर उताणं-पालथं करून सरांनी स्वतः त्याचं अंग पाहिलं. तो "राहू द्या ना सर, लाज वाटते" म्हणत होता. मग त्याला गाडीत घालून अड्याळला नेलं. माझ्या मनात दिवसभर ती गोंदियाकडची बाई येत होती. दोनदा मी दारापर्यंत जाऊन आले.

संध्याकाळी ते परतले. दमलेले होते, कुर्त्याला धुळीचे डाग.

"काय निघालं?"

"मलेरिया. आपलावाला ताप नाही निघाला." ते पायरीवर बसले. "औषध देल्लं. सलाईन लावलं. राहील दोन दिवस तेथी."

"मंग तुमची फुकट धावपळ झाली."

"फुकट काहून? तपासून तं घेतलं ना. डॉक्टर पहिले मलेरियाचंच पाहून राहिले होते. मी म्हटलं, ते पाहाच, पण हेही पाहा. त्यांनी विचारलं, तुम्हाला कसं माहीत? तेथी बाकावर गावची पाच-सात माणसं बसली होती." त्यांनी पायातल्या चपला काढल्या. "मी सांगतलं, माझ्या बायकोले झालता. ती तलावावर कचरा वेचते."

मी आतून पाण्याचा गडवा आणला, त्यांच्यापुढे ठेवला.

"वेचत होती म्हणा," मी म्हटलं.

त्यांनी गडवा उचलला, पण तोंडाला लावला नाही. माझा चांगला कान कोणता ते त्यांना आता पाठ झालं आहे. ते सरकून त्या बाजूला बसले.

"काहून?" त्यांनी विचारलं. "सोडलं का तू?"